ताबोचा बौद्ध मठ: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पीतीला जाणारी मराठी मंडळी आता पुष्कळ झाली आहेत. त्यांतले बहुतेक जण ताबोला गाडी थांबवतात, चहा घेतात, मठाच्या आवारात एक चक्कर मारतात आणि तासाभरात काझाचा रस्ता धरतात. तसं होऊ नये म्हणून ही प्रश्नोत्तरं. यातले बरेच प्रश्न ओळखीच्या लोकांनी निघण्याआधी फोनवर विचारलेले आहेत, काही परत आल्यावर विचारलेले.

ताबो नक्की कुठे येतं?

हिमाचल प्रदेशात, लाहौल-स्पीती जिल्ह्यात, स्पीती नदीच्या डाव्या काठावर. उंची दहा हजार फुटांच्या थोडी वर. काझा हे स्पीतीचं मुख्य गाव, तिथून ताबो सुमारे ४७ किलोमीटर. दोन्ही बाजूंना उघडेबोडके, मातकट डोंगर आणि मध्ये नदीकाठच्या सपाटीवर सफरचंदाच्या बागा, वाटाण्याची शेतं. मठ गावातच आहे, त्यासाठी काही चढायचं नाही.

‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात, ते खरं का?

ही उपमा इतक्या ठिकाणी छापली गेली आहे की मराठी माणूस अजिंठा डोळ्यांसमोर ठेवूनच तिथे पोचतो आणि आवारात शिरल्यावर हिरमुसतो. अजिंठ्याला वाघोरा नदीचं वळण, कातळाचा तो अर्धगोल, खांबांच्या ओळी, सगळं पहिल्या नजरेत भरतं. ताबोला पहिल्या नजरेत दिसतात त्या मातीच्या बुटक्या भिंती. त्यांना खिडक्याही जवळजवळ नाहीत.

तरी उपमेत तथ्य आहे. दोन्हीकडे भिंतींवर मातीचा गिलावा देऊन तो वाळल्यावर रंग दिलेला आहे. दोन्हीकडे भिंतीवर गोष्ट सांगितली आहे आणि ती चालत चालत वाचायची आहे. अजिंठ्याची उत्तरकालीन चित्रं पाचव्या शतकातली, ताबोची त्यानंतर साधारण पाचशे वर्षांनी काढलेली. ताबोच्या शैलीवर काश्मीरची छाप आहे आणि काश्मिरी चित्रकलेचं त्या काळातलं जे काही आज पाहायला मिळतं, ते काश्मीरमध्ये नाही, इथे आणि लडाखमधल्या अल्चीसारख्या ठिकाणी आहे.

मोठा फरक वेगळाच आहे. अजिंठ्याची वस्ती उठली, लेणी विसरली गेली आणि १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला पडली. ताबो कधी विसरलं गेलं नाही. हजार वर्षांहून अधिक काळ तिथे भिक्खू राहत आहेत, दिवा लागतो आहे. म्हणून मला विचाराल तर अजिंठ्याशी तुलना घरीच ठेवून जावं.

मठ किती जुना? कोणी बांधला?

स्थापना इ. स. ९९६ ची. पश्चिम तिबेटात गुगे-पुरांगचं राज्य होतं, तिथला राजा येशे-ओ याने तो उभारला. ४६ वर्षांनी त्याच्या पुतण्याचा मुलगा जांगचुब-ओ याने जीर्णोद्धार केला. हे सगळं मुख्य मंदिरातल्या भिंतीवर लिहिलेल्या लेखात नोंदवलेलं आहे, त्यामुळे तारखेबाबत अंदाजपंचे कारभार नाही.

या कथेतलं तिसरं नाव रिंचेन झांगपो (९५८–१०५५). येशे-ओने काश्मीरला शिकायला पाठवलेल्या तरुणांपैकी हा एक. तिथे संस्कृत शिकून त्याने ग्रंथच्या ग्रंथ तिबेटीत नेले, म्हणून त्याला ‘लोत्सावा’, म्हणजे भाषांतरकार, हीच पदवी मिळाली. त्याने १०८ मंदिरं बांधली आणि काश्मीरहून ३२ कारागीर आणले असं परंपरा सांगते. १०८ हा आकडा जपमाळेतला आहे, तो शब्दशः घ्यायची गरज नाही. पण स्पीती, किन्नौर, लडाखमध्ये कुठल्याही जुन्या मंदिरात चौकशी करा, त्याचं नाव निघतंच.

बाकीचे मठ डोंगराच्या टोकावर असतात, हा खाली सपाटीवर कसा?

वय हेच त्याचं कारण. दहाव्या-अकराव्या शतकात राजाश्रय होता, भीती कमी होती, तेव्हा मंदिरं गावालगत सपाटीवर बांधली. स्पीतीतल्याच ‘की’ किंवा ‘ढंकर’सारखे कड्यावर बसलेले, किल्ल्यासारखे मठ पुढच्या धामधुमीच्या काळातले. फोटोत ते जास्त देखणे दिसतात आणि ताबोवर अन्याय होतो तो इथेच.

आत नेमकं काय बघायचं?

आवाराला ‘छोस्खोर’ म्हणतात. मातीच्या कुंपणभिंतीच्या आत नऊ मंदिरं आणि २३ छोर्तेन, म्हणजे स्तूप. वेळ कमी असेल तर एकच मंदिर बघा: त्सुग्लाखांग, म्हणजे मुख्य मंदिर.

त्याचं दार पूर्वेला आहे. आधी एक छोटी दालनवजा खोली लागते. इथल्या भिंतींवर अगदी पहिल्या काळातली, ९९६ च्या सुमाराची चित्रं आहेत. सभागृहाकडे जाणाऱ्या दाराच्या वरच्या बाजूला विन्युमिन ही ताबोची रक्षक देवता परिवारासह रंगवलेली आहे. ती मूळची इथली, बौद्ध धर्म येण्याआधीची. नव्या धर्माने तिला हाकललं नाही, दारावर पहाऱ्याला बसवलं. आपल्याकडच्या ग्रामदेवता आठवतात.

मग सभागृह. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून आत पाऊल टाकलं की पहिली दोन-तीन मिनिटं काहीएक दिसत नाही. उजेड येतो तो छतातल्या झरोक्यातून. इथे लोक चुकतात: ‘अंधारच आहे’ म्हणून पाच मिनिटांत बाहेर पडतात. एका जागी उभे राहा. डोळे सरावले की डोक्याच्या वरच्या उंचीला, भिंतीपासून पुढे आलेल्या मूर्ती एकेक करून उमटायला लागतात. प्रत्येक मूर्ती कमळावर बसलेली, मागे प्रभावळ, जवळपास माणसाच्या मापाची. भिंतींवर अशा ३२ आहेत आणि पुढे मधोमध चार अंगांचा वैरोचन बुद्ध, चार दिशांना चार तोंडं करून पाठीला पाठ लावून बसलेला. लाकडाचा सांगाडा, वर माती, वर रंग. दगडाचा तुकडाही नाही.

हे सगळं मिळून वज्रधातू मंडल, म्हणजे वैरोचनाभोवती देवतांची ठरलेली मांडणी, होतं. मंडल आपण एरवी कापडावर किंवा वाळूत आखलेलं पाहतो, वरून खाली बघत. इथे ते खोलीएवढं आहे आणि आपण त्याच्या आत उभे असतो.

मूर्तींच्या खाली, नजरेच्या पातळीला चित्रांचा पट्टा आहे. आत शिरून डावीकडून निघालात की दक्षिण भिंतीवर सुधनाची गोष्ट. गंडव्यूह सूत्रातला हा श्रेष्ठीपुत्र मंजुश्री या बोधिसत्त्वाच्या सांगण्यावरून ज्ञानाच्या शोधात निघतो आणि पन्नासाहून अधिक गुरूंना भेटतो. त्यात भिक्षू आहेत, राजे आहेत, तसेच नावाडी, अत्तरं बनवणारा गांधी आणि कितीतरी स्त्रियाही आहेत. चित्रात सुधन पुन्हा पुन्हा येतो, प्रत्येक गुरूपुढे हात जोडून. एकदा त्याला ओळखलंत की पट्टा आपोआप उलगडत जातो. समोरच्या उत्तर भिंतीवर बुद्धचरित्र. मागच्या गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात बुद्धांच्या रांगाच रांगा आहेत, भद्रकल्पातले, म्हणजे सध्याच्या युगातले, हजार बुद्ध.

बाकीच्या मंदिरांचं काय?

सगळी उघडतीलच असं नाही. किल्ली भिक्खूंकडे असते आणि कधी एखादं बंदच ठेवतात. सेरखांग, म्हणजे सुवर्णमंदिर, उघडलं तर सोडू नका. सोनं आता नावापुरतं, पण भिंतीवरच्या हिरवी तारा आणि उष्णीषविजया या देवी बघण्यासारख्या आहेत. मैत्रेयाच्या, म्हणजे भावी बुद्धाच्या, मंदिरात वीस फुटांच्या आसपास उंचीची बैठी मूर्ती आहे. ती एवढ्या बुटक्या इमारतीत मावली कशी, हे आत गेल्यावरच कळतं. गोनखांग हे रक्षक देवतांचं मंदिर, तिथे सर्वांना प्रवेश नसतो. आग्रह करू नये.

आवाराबाहेर १९८३ मध्ये बांधलेलं नवं मंदिर आहे. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपाने जुन्या वास्तूंना तडे गेले, त्यानंतर ते उभं राहिलं. रोजची प्रार्थना तिथेच होते. १९८३ मध्येच आणि पुन्हा १९९६ मध्ये, मठाला हजार वर्षं झाली तेव्हा, दलाई लामांनी ताबोत कालचक्र ही तांत्रिक दीक्षा दिली.

फोटो काढता येतात का?

आवारात, बाहेरून, हवे तितके. जुन्या मंदिरांच्या आत अजिबात नाही. मोबाइल खिशातच ठेवा. ‘फ्लॅश बंद आहे’ हा युक्तिवाद तिथल्या भिक्खूंनी भरपूर ऐकलेला आहे.

मग टॉर्च नेला तर?

आत नेणाऱ्या भिक्खूला आधी विचारा. परवानगी दिली तर छोटा, मंद टॉर्च पुरे. झोत चित्रावर रोखून धरू नका, भिंतीवरून तिरका सरकवा. गिलाव्याचे उंचसखलपण आणि दुरुस्तीच्या जागाही दिसतात. दुपारी ऊन असताना झरोक्यातून उजेड चांगला येतो, तेव्हा टॉर्च लागतही नाही.

तिकीट आणि वेळ?

अजिंठ्यासारखी तिकीटखिडकी नाही. दानपेटी आहे, तिच्यात काहीतरी टाकावं. वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, पण कुलूप उघडणारा माणूस भिक्खूच. दुपारी जेवणाच्या वेळी त्याला गाठायला जाऊ नका. सकाळची प्रार्थना लवकर असते, बसायचं असेल तर आदल्या संध्याकाळी वेळ विचारून ठेवा.

काझाहून एका दिवसात जाऊन परत येता येईल ना?

येईल. सकाळी निघालात तर दुपारपर्यंत बघून होतं. पण मी एक रात्र ताबोत राहायलाच सांगेन. एक म्हणजे उजेड: त्सुग्लाखांगमध्ये सकाळी आणि दुपारी वेगवेगळ्या भिंती दिसतात. दुसरं म्हणजे गर्दी. टूरच्या गाड्या साधारण एकाच सुमाराला येतात आणि वीस जण एकदम त्या अंधाऱ्या सभागृहात शिरले की कोणालाच काही दिसत नाही. मुक्कामी असाल तर त्या गेल्यावर निवांत जाता येतं. तिसरं कारण तब्येतीचं, ते पुढे येतंच.

कुठल्या रस्त्याने जावं? मनालीकडून की सिमल्याकडून?

पहिल्यांदा जात असाल तर सिमल्याकडून, डोळे झाकून. मुंबई-पुण्याहून चंदीगडपर्यंत विमान किंवा रेल्वे, पुढे सिमला, रामपूर, रेकाँग पिओ (मुक्काम वर कल्पाला करा), मग खाबला सतलज आणि स्पीतीचा संगम, तिथून वर नाको, सुमदो आणि ताबो. रस्ता लांब आहे, काही ठिकाणी कड्यात कोरलेला आहे आणि मलिंग नाल्यापाशी दगड घसरून अडकायची तयारी ठेवावी लागते. पण उंची टप्प्याटप्प्याने वाढते.

मनालीकडून अटल बोगदा झाल्यापासून (ऑक्टोबर २०२०) रोहतांग घाट चढावा लागत नाही, हे खरं. मात्र ग्रांफूपासून पुढे बातलपर्यंतचा रस्ता हाडं खिळखिळी करणारा आहे आणि सुमारे १५ हजार फुटांवरचा कुंझुम घाट एकाच दिवशी ओलांडावा लागतो. तो साधारण जून ते ऑक्टोबरच उघडा असतो. सिमल्याकडून चढून मनालीकडे उतरायचं, हा क्रम उत्तम.

पावसाळ्यात सुट्ट्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये जावं का?

खुद्द स्पीतीत पाऊस फार नसतो, कारण मोसमी ढग अलीकडच्या रांगांवरच रिते होतात. अडचण वाटेतली आहे. किन्नौरमध्ये त्याच दिवसांत दरडी कोसळतात आणि रस्ता तासन्‌तास, कधी दिवसभर बंद राहतो. परतीचं विमान घट्ट बांधून जाऊ नका, हातात दोन दिवस ठेवा. माझी पसंती सप्टेंबरला: आभाळ स्वच्छ, बागांत सफरचंदं, घाट उघडा. हिवाळ्यात किन्नौरकडचा रस्ता बर्फ पडेल तेवढा काळ सोडला तर चालू असतो, पण नळ गोठतात, बरीच होमस्टे बंद असतात. पहिल्या खेपेला तो उद्योग नको.

पाऊस आणि ताबो यांचं आणखी एक नातं आहे. ही मंदिरं कोरड्या हवेसाठी बांधलेली आहेत. सपाट मातीचं छप्पर बर्फ सोसतं, तो खरवडून टाकता येतो. संततधार सोसत नाही. पाणी झिरपलं की गिलाव्यावरून चिखलाचे ओघळ चित्रांवर उतरतात. काही भिंतींवर ते तुम्हालाही दिसतील.

आई-बाबांना नेता येईल का? ऑक्सिजनचं काय?

त्यांचं वय सत्तरीच्या आत आहे का, यापेक्षा रक्तदाब, हृदय आणि फुप्फुसं कशी आहेत हे महत्त्वाचं. डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

ताबो नाको आणि काझा या दोन्हींपेक्षा खाली आहे. नाकोला, म्हणजे बारा हजार फुटांवर, डोकं जड झालं तर तिथे कुढत बसण्यापेक्षा ताबोला उतरून झोपलेलं बरं. ज्यांना काझाच्या पुढे जाणं झेपणार नाही, त्यांनी ताबोपर्यंत येऊन परत फिरावं. स्पीतीतलं सगळ्यात मोलाचं बघून झालेलं असतं. धाप, उलट्या, चालताना तोल जाणं यांतलं काही दिसलं तर वाट न बघता खाली उतरायचं.

परमिट लागतं का?

भारतीयांना नाही. ओळखपत्र जवळ ठेवा, सुमदोला नोंद होते. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना रेकाँग पिओ ते सुमदोच्या टापूसाठी परवाना लागतो आणि यात ओसीआय कार्डवालेही आले. अमेरिकेहून आलेला भाऊ मराठीत कितीही छान बोलत असला तरी त्याचा परवाना सिमल्याला किंवा रेकाँग पिओला काढून घ्या.

बसने जमेल का? बुलेटवाल्यांसाठी काही?

रेकाँग पिओहून काझाला हिमाचल परिवहनची बस सकाळी निघते आणि ताबोवरूनच जाते. आदल्या दिवशी स्टँडवर वेळ विचारा. जाताना शक्यतो खिडकी धरा, चक्कर येणाऱ्यांनी दरीची बाजू सोडून.

बुलेटवाल्यांनी रेकाँग पिओच्या खाली पोवारीला टाकी भरावी, पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला. रोख पैसे पुरेसे ठेवा. यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालतं, नेटवर्क असेल तोवर.

राहायची-खायची सोय? आम्ही शाकाहारी आहोत.

मठाचं स्वतःचं अतिथिगृह आहे, साधं आणि स्वच्छ. शिवाय गावात होमस्टे आणि छोटी हॉटेलं. शाकाहाऱ्यांची काहीच पंचाईत नाही: राजमा-चावल, डाळ, भाजीचा थुक्पा, मोमो. लोण्याचा खारट चहा एकदा घ्या. तो चहा समजून प्यायलात तर आवडणार नाही, सूप समजून प्यायलात तर कदाचित आवडेल.

आम्ही बौद्ध कुटुंबातले आहोत. आपली वंदना तिथे म्हटली तर चालेल का?

हा प्रश्न महाराष्ट्रातून जाणाऱ्यांकडून हमखास येतो आणि रास्त आहे. ताबो वज्रयान, म्हणजे तिबेटी बौद्धांच्या तांत्रिक, परंपरेतलं आहे, आज तिथे त्यातलाच गेलुग पंथ चालतो. पाली वंदनेच्या आणि बाबासाहेबांच्या वाटेने धम्माकडे आलेल्या माणसाला इतक्या देवता, रक्षक, तारा बघून बुचकळ्यात पडायला होतं. ‘यात आपला बुद्ध कुठे?’ असं विचारणारेही भेटतात. उत्तर भिंतीवरचं बुद्धचरित्र तिथे कामी येतं. सिद्धार्थाची ती कथा आपल्याला पाठ असते, ओळखायला कोणी लागत नाही.

वंदनेचं म्हणाल तर त्रिशरण दोन्हीकडे आहे, भाषा वेगळी. नव्या मंदिरात, प्रार्थनेची वेळ सोडून, विचारून, हळू आवाजात म्हणायला कोणी हरकत घेईल असं वाटत नाही. जुन्या सभागृहात मोठ्याने काही म्हणू नये, कोणीच.

तिथे वागायचं कसं?

बूट-चपला दाराबाहेर. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, स्तूप उजव्या हाताला ठेवून. भिंतीला टेकायचं नाही, बोटाने चित्र दाखवताना स्पर्श होऊ द्यायचा नाही; पाठीवरची सॅक बाहेरच ठेवलेली बरी, कारण वळताना तीच भिंतीला घासते. भेटल्यावर ‘जुले’ म्हणा, नमस्कार आणि आभार दोन्ही त्यात येतं.

मठासमोरच्या डोंगरात भोकं दिसतात, ती काय आहेत?

गुहा. पूर्वी भिक्खू हिवाळ्यात त्यांत राहत. रस्ता ओलांडून थोडं चढलं की पोचता येतं, एका मोठ्या गुहेत पुसट चित्रंही आहेत. माती भुसभुशीत आहे, कड्यावर उगीच चढू नका. संध्याकाळी तिथून आख्खं आवार वरून दिसतं आणि मंदिरांची मांडणी खरी तिथूनच कळते.

आसपास आणखी काय?

सुमदो आणि ताबोच्या मध्ये फाटा घेऊन गिऊ गाव. तिथे सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या भिक्खूचा बसलेल्या स्थितीतला वाळलेला देह काचेआड ठेवला आहे. तो लोकांना पाहायचाच असतो, पाहा, पण सेल्फी नको. काझाच्या वाटेवर ढंकर, स्पीतीची जुनी राजधानी. लालुंगला फार कमी लोक जातात. तिथलं सेरखांगही रिंचेन झांगपोच्या नावावर आहे आणि ताबो आवडलं असेल तर ते चुकवू नका. येताना नाकोची जुनी मंदिरंही याच घराण्यातली.

लहान मुलांना कंटाळा येईल?

सभागृहात नुसतं उभं केलंत तर येईल. आधी सुधनाची गोष्ट सांगा आणि भिंतीवर त्याला शोधायला लावा. मोठ्यांच्या आधी सापडतो त्यांना.

येताना काय आणावं?

सप्टेंबर-ऑक्टोबर असेल तर ताबोची सफरचंदं, थेट बागेवाल्याकडून. एरवी छरम्याचा रस किंवा जॅम. नारिंगी, आंबट, तिकडच्या काटेरी झुडपांच्या फळांचा. बाटलीचं झाकण घट्ट आहे ना बघून घ्या, नाहीतर बॅगेत गळतो.